शेजारचं घर बँकेकडे गेलं, कुत्रा मागेच राहिलाय. काय करू?

निशिगंधा_सीए | मंगळवार, रात्री ९:४०

मी कॅलिफोर्नियात स्टॉकटनला राहते. आमच्या डावीकडच्या घरात सहा वर्षं एक कुटुंब होतं. फार घसट नव्हती, पण मी दिवाळीला चकल्या द्यायचे, त्यांच्याकडून नाताळात टमाले यायचे. या वर्षी त्यांच्या दारावर एकामागून एक कागद चिकटायला लागले. मी नजर चुकवायचे. काय विचारणार?

शनिवारी रात्री उशिरा यू-हॉलचा भाड्याचा ट्रक आला आणि रविवारी सकाळी घर रिकामं. पडदेसुद्धा काढून नेलेत. पण मागच्या अंगणात त्यांचा कुत्रा आहे. मोठा, तपकिरी, तोंड पांढरं पडत आलेला. रविवार-सोमवार रात्रभर भुंकत होता. आज संध्याकाळपासून आवाज नाही. कुंपण लाकडी आणि उंच आहे, फटीतून नीट दिसत नाही.

नवरा म्हणतो, दोन दिवस थांब, येतील न्यायला. मला झोप येत नाहीये. इथे कोणी अशा प्रसंगातून गेलंय का?

---

खारुताई | मंगळवार, रात्री ९:५२

थांबू नका. भुंकणं चालू होतं तोवर बरं होतं, थांबलंय हे वाईट.

काउंटीच्या किंवा शहराच्या ॲनिमल कंट्रोलला, म्हणजे जनावरांचं बघणाऱ्या सरकारी खात्याला, आत्ता फोन करा. ऑफिस बंद असेल तर पोलिसांचा ९११ सोडून जो साधा नंबर असतो तिथे करा, रात्रीच्या ड्युटीवरचा माणूस गाठून देतात. सांगताना नेमकं सांगा: पत्ता, घर कधी रिकामं झालं, किती दिवस कुणी फिरकलं नाही, आवाज कधी बंद झाला. 'मला वाटतं, बहुतेक' असलं काही नको. कॉल घेणारी व्यक्ती त्यावरूनच क्रम लावते.

कुंपणावरून उडी मारू नका. फटीतून बागेचा पाइप सरकवता आला तर पाणी सोडा. खाणं फेकू नका, निदान ढिगाने तरी नको.

मी आठ वर्षं एका शेल्टरमध्ये शनिवारी काम करते, म्हणून एवढा अधिकारवाणीचा सूर. राग मानू नका.

---

रोखठोक | मंगळवार, रात्री १०:१५

टीव्ही नेला, सोफा नेला, पडदे नेले आणि कुत्रा ठेवला. यातच सगळं आलं. पोटच्या पोराला कुणी असं टाकून जाईल का? घर गेलं म्हणून माणुसकी जात नाही. अशा लोकांवर केस झालीच पाहिजे. बाकी चालू द्या.

---

किल्लीवाली | मंगळवार, रात्री १०:३८

निशिगंधा, कायद्याचं थोडं सांगते. कॅलिफोर्नियात प्राणी टाकून जाणं हा गुन्हा आहेच. दंडसंहितेचं कलम ५९७-एस. पण तुझ्या कामाचं दुसरंच आहे. २००८ साली इथे कायदा बदलला आणि १ जानेवारी २००९ पासून असं झालं, की भाडेकरू गेल्यावर किंवा फोरक्लोजरनंतर, म्हणजे कर्ज थकून घर जप्त झाल्यावर, रिकाम्या घरात जिवंत जनावर सापडलं, तर ज्याच्या ताब्यात ते घर आहे त्याने ताबडतोब ॲनिमल कंट्रोलला कळवायचं. बँक असो, एजंट असो, साफसफाईवाला असो.

त्याआधी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २००७ ते २०१० मी बँकांच्या ताब्यातली घरं विकायचे, याच पट्ट्यात: स्टॉकटन, मॉडेस्टो, मर्सेड. तेव्हा देशातली सगळ्यात जास्त जप्तीची घरं जिथे होती, त्या यादीत ही तिन्ही नावं कायम वर असायची. किल्ल्यांचा जुडगा घेऊन दिवसाला पाच-सहा दारं उघडायचे. मागे राहिलेलं सामान म्हणजे जुन्या मालकाची मालमत्ता. ते हलवायचं तर नोटीस द्या, हातात दिली तर पंधरा दिवस थांबा, पोस्टाने पाठवली तर अठरा. आता सोफा अठरा दिवस थांबतो हो. मांजर कसं थांबेल? काही एजंट घाबरून हात लावत नसत, काही दार उघडं टाकून 'पळून गेलं' म्हणत. मी दोन्ही प्रकार केलेत, खोटं कशाला बोलू?

घर रिकामं करणाऱ्या टोळीला पैसे मिळायचे ते कचऱ्याच्या घनयार्डावर. माझ्याकडच्या फॉर्मवर रकाने होते: कचरा, गाड्या, रंगाचे डबे, तुटलेल्या काचा. जनावराचा रकाना नव्हता. एकदा मी 'इतर'मध्ये 'कासव, १' असं लिहून पाठवलं. उत्तर आलं: फोटो जोडा.

---

निशिगंधा_सीए | मंगळवार, रात्री ११:०५

फोन केला. रात्री फक्त जखमी आणि चावऱ्या जनावरांचे कॉल घेतात म्हणे, सकाळी पहिलं हेच करू असं सांगितलं. पाइप सरकवला. पाण्याच्या आवाजाने काहीतरी हललं. आहे तो, जिवंत आहे.

रोखठोक, तुमचं पटतं आणि पटत नाही. ती बाई माझ्याशी बोलताना त्याच्या कानामागे खाजवत असायची. केस वगैरे झाली तर माझ्यामुळे होणार. ते आधीच खड्ड्यात आहेत.

---

नळ_आणि_पाणी | मंगळवार, रात्री ११:२०

वाचतोय. थोडं अवांतर: २००७ मध्ये बेकर्सफील्डकडे रिकाम्या घरांचे तरणतलाव हिरवे पडले, डास माजले आणि त्या भागात वेस्ट नाइल तापाच्या केसेस वाढल्या. मग डास-नियंत्रणवाले त्या तलावांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडत फिरायचे. म्हणजे कुत्री-मांजरं लोकांनी सोडली आणि मासे सरकारने आणून सोडले. असो. कुत्र्याचं कळवा.

---

निशिगंधा_सीए | बुधवार, दुपारी १२:३०

सकाळी साडेआठला अधिकारी आली, तरुण मुलगी होती. आधी दारावर नोटीस लावली, घराचे फोटो काढले, मला चार प्रश्न विचारले आणि मग बाजूच्या फाटकातून आत गेली. कुत्रा एसीच्या मागे सावलीत पडून होता. पाण्याची बादली उलटी, बाजूला खाण्याची मोठी पिशवी. फाडलेली, पण भरलेली! कोरड्या गोळ्यांना तोंडच लावलं नव्हतं, बहुतेक पाण्याविना. उठला, दोन पावलं चालला, बसला. उचलून नेलं त्याला.

ती म्हणाली, खिडकीतून आत एक मांजरही दिसतंय. घर अजून कुणाच्या ताब्यात आहे ते बघून परवानगी काढावी लागेल. मला मांजराचं माहीतच नव्हतं.

---

डॉ_शेपूट | बुधवार, दुपारी १:१०

डॉक्टर नाही, पशुवैद्याच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. आयडी जुना आहे, माफी असावी.

कुत्रा शेल्टरमध्ये गेला हे उत्तम. इतरांसाठी सांगते: बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला दयेपोटी ताट भरून देऊ नका. एकदम खाणं पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदय बंद पडू शकतं. आधी पाणी, तेही थोडं थोडं. मग घासभर, दिवसातून अनेकदा.

आणि त्या मांजराची घाई करा. मांजर, विशेषतः गुबगुबीत मांजर, तीन-चार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मग अन्न समोर ठेवलं तरी ते खात नाही. 'मांजर काय, उंदीर मारून जगेल' हा समज घरातल्या मांजराला लागू नाही. ते गादीच्या खालच्या खोक्यात शिरून बसतं. आवाजसुद्धा करत नाही.

---

रोखठोक | बुधवार, दुपारी २:००

बघा. मांजर पण. आणि तरी म्हणे कानामागे खाजवायची.

---

परतलेला | बुधवार, रात्री ११:४८ (भारतातून)

रोखठोक, तुमच्या पहिल्या प्रतिसादापासून लिहू की नको करतोय. सतरा वर्षांत हे कुणाला सांगितलेलं नाही. आयडी नवा काढलाय.

२००५ च्या शेवटी आम्ही माउंटन हाऊसला घर घेतलं. ऑफिस फ्रीमाँटला, रोज आल्टामाँटची खिंड ओलांडायची, पण घर चार बेडरूमचं. कर्ज ते दोन-अठ्ठावीसवालं: पहिली दोन वर्षं हप्ता गोड, मग दर बदलणार. तोवर किंमत वाढेल आणि नवं कर्ज काढू, असं सगळेच म्हणत होते, एजंटपासून माझ्या मेव्हण्यापर्यंत. २००८ च्या नोव्हेंबरात पेपरात आलं, की आख्ख्या देशात घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त असलेल्या लोकांचं प्रमाण सर्वात जास्त आमच्याच गावात. जानेवारीत माझी नोकरी गेली. एच-वन व्हिसा होता. नोकरी गेल्यावर साठ दिवसांची सवलत मिळते ना, ती २०१७ पासूनची. तेव्हा नोकरी संपली की मुक्काम संपला. बायको-मुलगी आधी गेल्या. मी गाडी विकायला फेब्रुवारीपर्यंत मागे राहिलो.

मांजर होतं आमचं. बोका. नाव नाही लिहीत.

विचारलं नाही असं नाही. शेल्टरला फोन केला, जागा नाही म्हणाले, यादीत नाव घालतो, आणून देण्याची फी इतकी, आणि पुढे काय होईल याची हमी नाही. ते हमीचं वाक्य ऐकून मी फोन ठेवला. मित्रांना विचारलं असतं, पण मित्रांना नोकरी गेल्याचंच सांगितलं नव्हतं. बोक्याचं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. माझं तोंड उघडलं नाही, बस.

सात किलोची पिशवी फाडून ठेवली. टबात पाणी भरलं. संडासाची झाकणं उघडी ठेवली. किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवल्या, सोबत चिठ्ठी: घरात मांजर आहे, कृपया लगेच कुणाला तरी पाठवा. हप्त्याच्या बिलावर जो पत्ता होता त्याच पत्त्यावर. वाटलं, तीन दिवसांत पाकीट पोचेल, चौथ्या दिवशी कुणी येईल. विमानात बसून मी हाच हिशोब करत होतो.

मुलीला सांगितलं, शेजाऱ्यांनी घेतला.

पुढे काय झालं मला माहीत नाही. हे तुमच्याशी भांडायला लिहिलेलं नाही. केस व्हायला हवी होती म्हणालात तर हो, व्हायला हवी होती.

---

किल्लीवाली | गुरुवार, सकाळी ८:१५

परतलेला, लिहिलंत ते बरं केलंत. पण तुमचा चार दिवसांचा हिशोब चुकला होता आणि तो इथे सांगायलाच हवा. आज कुणीतरी हाच हिशोब करत असेल.

हप्ते बुडवून किल्ल्या पोस्टाने पाठवणारे तेव्हा इतके होते की धंद्यात त्याला 'जिंगल मेल' म्हणायचे, पाकीट खुळखुळतं म्हणून. पण किल्ली मिळाली म्हणून बँक मालक होत नाही. या राज्यात थकबाकीची नोटीस नोंदली गेली की तीन महिने जावे लागतात, मग लिलावाची नोटीस किमान वीस दिवस आधी, मग लिलाव. त्यानंतरही आत कुणी असेल तर तीन दिवसांची नोटीस, कोर्ट, शेरीफ. तोवर बँकेचा माणूस फार तर गाडीतून उतरून बाहेरून फोटो काढतो, घरात माणसं आहेत की नाहीत एवढं बघायला. आणि बिलावरचा पत्ता म्हणजे चेक उघडणाऱ्या केंद्राची पेटी. तिथे चिठ्ठी कोण वाचणार?

मी उघडलेल्या घरांतही हेच दिसायचं: फाडलेली पिशवी, भरलेला टब, कधी थेंबथेंब गळता ठेवलेला नळ. रोखठोक, ज्याला मारायचंच असतं तो टब भरत नाही.

उलट बाजूही सांगते. घर झाडून-पुसून वेळेत सोडलं तर बँक हजार-दोन हजार डॉलर द्यायची, किल्लीच्या बदल्यात रोख. पैसे घेताना अट एकच, आत काही राहता कामा नये. त्या दिवशी कुत्री आधी रस्त्यावर सोडली जायची. घर मात्र लखलखीत.

---

खारुताई | गुरुवार, सकाळी ९:०२

परतलेला, एक विचारते. कातडीखाली ओळखीची चिप होती का?

---

परतलेला | गुरुवार, सकाळी ९:४०

होती. लसीच्या कार्डावर नंबरचं स्टिकर आहे, कार्ड अजून माझ्याकडे आहे. चिपवर माझा तिथला मोबाइल नोंदवलेला. निघायच्या आदल्या दिवशी तो बंद केला.

---

खारुताई | गुरुवार, सकाळी १०:३०

नंबर पाठवा म्हणणार होते, पण इतक्या वर्षांनी काही निघणार नाही, उगाच आस लावत नाही. फेब्रुवारी २००९ म्हणजे किल्लीवालींनी सांगितलेला कायदा लागू होऊन महिना झाला होता. कुणी दार वेळेत उघडलं असेल तर फोन करणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. यापलीकडे मला काही म्हणता येत नाही.

बाकीच्यांसाठी: बंद नंबरची चिप आम्हाला सतत दिसते. घर सुटताना माणूस वीज तोडतो, इंटरनेट तोडतो, फोन बदलतो. चिपचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कंपनीला फोन करून नवा नंबर द्या, जमलं तर नातेवाइकाचा दुसरा नंबर.

आणि शेल्टरला खरं सांगा. लोकांना वाटतं, घर गेल्याचं सांगितलं तर आपल्याला कमी लेखतील, म्हणून 'सापडला' म्हणून आणून देतात. मग आम्ही भटका म्हणून मालकाची वाट बघत बसतो, आणि मालक समोरच उभा! चाळीस दिवस आधी कळवलंत तर तात्पुरतं सांभाळणारं घर शोधता येतं. आदल्या दिवशी कळवलंत तर फक्त पिंजरा असतो, आणि तोही असलाच तर.

कट्रिना वादळात लोक कुत्र्याला सोडून बोटीत बसायला तयार होईनात, माणसंही त्यापायी गेली. मग २००६ मध्ये कायदा झाला, की आपत्तीच्या आराखड्यात घरातल्या जनावरांचाही विचार हवा. घरात पाणी शिरलं तर सरकारला कुत्र्याची आठवण ठेवावी लागते. घरात बँक शिरली तर तसं काही नाही.

---

निशिगंधा_सीए | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

बरंच घडलंय.

मांजर बाहेर काढलं. धुण्याच्या यंत्रामागे होतं, पिंजऱ्यात मासा ठेवून धरलं. दवाखान्यात आहे, सलाइनवर.

आणि शेजाऱ्याचा फोन आला. दारावरची नोटीस त्याने पाहिली. म्हणजे तो आला होता! नव्या अपार्टमेंटमध्ये पंचवीस पौंडांपर्यंतचीच कुत्री चालतात, हा सत्तरचा. मांजराचा वेगळा डिपॉझिट, तो पुढच्या पगारावर भरणार होता. तोवर रोज रात्रपाळी संपवून पहाटे तीनला येऊन दोघांना खायला-प्यायला घालायचं असं ठरवलेलं. पिशवी त्यानेच ठेवली. रविवारी पहाटे आला, सोमवारी आला. मंगळवारी गाडी बंद पडली, काम तासभर दूर. बादली कुत्र्याने कधी उलटवली कुणास ठाऊक.

पहाटे तीनला माझ्या भिंतीपलीकडे माणूस यायचा आणि मला वाटायचं, कुत्रा उगाच भुंकतोय.

मी म्हटलं, अरे, मला सांगायचं. तर म्हणाला, सहा वर्षांत तुला कधी काही मागितलं नव्हतं, सुरुवात याने कशी करू?

---

रोखठोक | गुरुवार, रात्री ८:२५

हे वेगळं प्रकरण आहे. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, सगळेच काही पहाटे तीनला येणारे नसतात. पण या माणसाबद्दल घेतो. शेल्टरमधून सोडवायला किती मागतायत?

---

निशिगंधा_सीए | गुरुवार, रात्री ८:४०

पकडून नेल्याची फी, शिवाय रोजचा मुक्काम, रेबीजची लस, लायसन्स. रोज आकडा वाढतोय. अधिकारी मुलीने केस न करता ताकीद दिली. मी फोन केल्यावर तिने शेजाऱ्याची बाजू ऐकून घेतली, हे विशेष. अर्धे मी भरतेय. मांजर तो नेणार. कुत्रा आमच्याकडे, तो दुसरी जागा शोधेपर्यंत. नवऱ्याने 'तात्पुरतं' हा शब्द चार वेळा उच्चारून घेतला.

---

रोखठोक | गुरुवार, रात्री ८:५१

उरलेले अर्धे कुठे पाठवायचे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे लिहू नका.

---

निशिगंधा_सीए | शनिवार, सकाळी ११:३०

आला घरी. खातोय, डॉ_शेपूट यांनी सांगितल्यासारखं घासभर घासभर. रात्री कुंपणाच्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसला, या बाजूने. पहाटे तीनला उठला. मीही उठले.

आज पट्ट्यावर नावाची पट्टी करून आणायची आहे. नंबर कुणाचा घालू? माझा घातला तर माझा झाल्यासारखं वाटतं. त्याचा घातला तर तो रात्रपाळीत फोन उचलत नाही.

---

परतलेला | शनिवार, दुपारी १:०५ (भारतातून)

दोन्ही घाला. आणि त्याला सांगा, फोन बदलला तर आधी तुम्हाला कळव.

---

निशिगंधा_सीए | शनिवार, दुपारी २:१५

घातले दोन्ही. मावत नव्हते, मागच्या बाजूला माझा घेतला. मशीनवाल्या मुलाने विचारलं, यातला मालक कोण?